आबासाहेबांच्या अंत्ययात्रेची तालीम

तालमीसाठी आबासाहेबांनी रविवार निवडला, कारण रविवारी घरची माणसं जागेवर सापडतात आणि पोहे-जलेबीवर बोलावलं की इंदुरात कोणी नाही म्हणत नाही. सकाळी साडेआठला ते लिफ्टमधून उतरले ते पांढरा बंदगळा, डोक्यावर लाल पागोटं आणि मिशांना पीळ अशा थाटात. चौऱ्याऐंशीव्या वर्षी स्वतःच्या अंत्ययात्रेला इतक्या हौसेनं निघालेला दुसरा माणूस अख्ख्या अन्नपूर्णा भागात सापडला नसता.

इमारतीच्या पार्किंगमधल्या स्कूटर सरकवून जागा केली होती. तिरडी आणायला त्यांच्या मुलीनं, रुपालीनं, साफ नकार दिला होता.

"दुकानदार विचारेल, कोणासाठी पाहिजे? तर काय सांगू, वर बसून चहा पिताहेत म्हणून?"

तेव्हा इमारतीला रंग देणाऱ्यांची बांबूची शिडी दोन प्लॅस्टिकच्या स्टुलांवर आडवी ठेवली आणि तिच्यावर गादी घातली. मडकं मात्र रुपालीनं आपल्या रोपांच्या नर्सरीतून आणलं होतं. लहानसं, गोल, शिंकाळ्यात अडकवलेलं. आत विस्तव होता आणि धूर निघावा म्हणून चमचाभर धूप.

"मस्त!" आबासाहेब शिडीभोवती फेरी मारून म्हणाले. "पुष्कर, तुझा कॅमेरा तयार आहे ना? मी एकदा आडवा झालो की पुन्हा पुन्हा उठणार नाही हो. मेलेल्या माणसाला ते शोभत नाही."

खुर्चीवर बसलेल्या जनाबाईंनी पदर तोंडाला लावला. साठ वर्षांच्या संसारात नवऱ्याची अनेक खुळं त्यांनी पाहिली होती, पण हे त्या सगळ्यांचं सरदार होतं. राग धरावा तर हसू येत होतं आणि हसावं तर काहीतरी अभद्र होईल अशी धास्ती वाटत होती.

"अहो, निदान 'मेलो, मेलो' असं सारखं म्हणू नका," त्या म्हणाल्या.

"मग काय म्हणू? स्वर्गीय म्हणू?"

ह्या सगळ्याचं मूळ होतं ते चित्रात. सुभानराव धायगुडे सरकारांच्या अंत्ययात्रेचं ते चार हात लांबीचं चित्र पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं, आणि कित्येक पिढ्या घराण्याच्या देवघरात टांगलेलं होतं. सरकार निपुत्रिक गेले, मागे दोघे भाऊ. ज्यानं मडकं धरलं त्याला जहागीर, असा तो हिशोब. थोरल्यानं मडकं धरलं आणि लगोलग त्याचं चित्र काढवून दरबाराच्या दालनात लावलं. सनद चार लोक वाचतात, चित्र सगळ्यांना दिसतं, एवढी अक्कल त्याला होती. आबासाहेब त्या थोरल्या पातीचे, आणि तेव्हापासून घरात कुठलीही प्रेतयात्रा निघाली की ती चित्राप्रमाणे निघायची. कोण पुढे, कोण मागे, छत्री कोणाच्या हातात, सगळं चित्रात बघून.

अगदी जोड्यापर्यंत. मडकं धरलेल्या माणसाच्या उजव्या पायात चित्रात जरीचा जोडा आहे आणि डावा पाय अनवाणी. म्हणून पाच पिढ्या धायगुड्यांच्या घरात मडकं धरणारा एका जोड्यावर चालत आला. घराण्याच्या भटजींनी त्याचा अर्थही लावून दिला होता: एक पाय इहलोकात, एक परलोकात. आबासाहेब स्वतः वडिलांच्या वेळी मे महिन्याच्या उन्हात छत्रीबागेतून घाटापर्यंत तसे गेले होते आणि डावा तळवा भाजून पंधरा दिवस मलम लावून बसले होते.

मग छत्रीबागेतलं घर विकलं, चित्र फ्लॅटवर आलं, आणि रुपालीनं ते पुष्करकडे साफ करायला दिलं. पुष्कर जुनी चित्रं दुरुस्त करायचा, स्वतःही काढायचा. चार महिने तो कापसाच्या बोळ्यांनी देवघराची काजळी काढत बसला आणि एक दिवस फोन करून म्हणाला, "आबासाहेब, डावा जोडा सापडला."

काजळीखाली जोडा होता. तसाच जरीचा, चांगला टोकदार.

आबासाहेब त्या दिवशी उचकी लागेपर्यंत हसले. पाच पिढ्या लंगडत गेल्या आणि त्याही फक्त समईच्या धुरामुळे! पण पुष्करच्या दुसऱ्या बातमीनं ते हसू उतरलं. मडकं धरलेल्या माणसाचा चेहरा मागाहून रंगवलेला होता. खाली दुसराच कोणीतरी होता, तरुण, बिनमिशीचा. कोण ते आता कळायला मार्ग नव्हता.

"म्हणजे बघ रुपा," चित्र घेऊन घरी येताना ते म्हणाले होते, "नंतर काढलेलं चित्र ज्याच्या सोयीचं त्याचं असतं. माझं मी डोळ्यांदेखत काढवून घेतो. आणि मडकं तुझ्या हातात."

दुसऱ्या दिवशी नर्सरीत रुपालीनं एका गिऱ्हाइकाला मोगऱ्यावर मोगरा फुकट दिला.

एक्कावन्न वर्षांची होती ती. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, आणि घरात तिला कोणी काही विचारलंही नाही. लाइटचं बिल, आईचे गुडघे, आबासाहेबांची दाढी, गावभरच्या लग्नपत्रिका, सगळं तिच्याकडे, पण नाव घ्यायची वेळ आली की 'धायगुड्यांच्या पुढच्या पिढीत कोण?' ह्या प्रश्नाला उत्तर 'विक्रम'. तिला मडकं पाहिजे होतं. खरंच, अगदी लहान मुलाला पतंग पाहिजे असतो तसं पाहिजे होतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून ती धूप ढवळत बसली होती.

गेटपाशी गाडीचा हॉर्न वाजला.

"आले," जनाबाई म्हणाल्या. "धाकटी पाती आली."

आबासाहेबांचा चुलत पुतण्या विक्रम आला तो चार कार्यकर्ते आणि मुलगा शंतनु ह्यांना घेऊन. ड्रायव्हर रामभाऊ गाडीपाशीच थांबला. विक्रमनं वाकून दोघांना नमस्कार केला.

"प्रणाम काकासाहेब! क्या बात है, एकदम हीरो दिसताय."

"मरायला निघालोय, बरं दिसायला नको?"

"अरे शुभ शुभ बोला यार काकासाहेब! आपण तर सेंच्युरी मारणार."

विक्रम मनानं वाईट नव्हता. काकासाहेबांवर त्याचा खरोखरचा जीव होता. जीप चालवायला त्यांनीच शिकवलं होतं, छत्रीबागेच्या गल्लीत, दोन भिंती पाडून. पण यंदा महापालिकेच्या निवडणुकीसाठी पार्षदाच्या टिकटाची यादी महिन्याभरात निघणार होती. समोरच्या उमेदवाराच्या आजोबांच्या नावानं चौक होता. विक्रमकडे काय होतं? एक आडनाव आणि तेही धाकट्या पातीचं. पुष्करचं नवं चित्र काकासाहेब शहरातल्या मोठ्या प्रदर्शनाला देणार होते, पेपरात येणार होतं. त्या चित्रात मडकं आपल्या हातात दिसलं की काम झालं, हे त्यानं ओळखलं होतं. गेले पंधरा दिवस तो रोज संध्याकाळी शिकंजी, आंबे, ब्लड प्रेशरचं मशीन असं काही ना काही घेऊन येत होता, आणि आबासाहेब त्याला रोज म्हणत होते, "बघू."

'बघू' ह्या शब्दानं रुपालीचं रक्त आटत चाललं होतं.

आता तो तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "रुपाताई, बुरा मत मानना. मला फक्त चित्रात धरू दे. असली टायमाला तू धर. मी स्वतः सगळ्यांना सांगीन, कसम से."

"आपल्या घरात चित्र वेगळं आणि खरं वेगळं असं कधी झालंय का भिया? काजळी बसली तर आपण जोडा काढून टाकला."

विक्रमला हसू आलं. तिलाही आलं. दोघं लहानपणी एकाच सायकलवर शाळेत जात.

"पण सोच ना ताई," तो म्हणाला. "बाई मडकं धरून चाललीये, लोग क्या कहेंगे?"

"म्हणतील, बाई चाललीये."

"ए, तिकडे काय खुसुरफुसुर?" आबासाहेब शिडीवर आडवे होत ओरडले. "हे बघा, भांडायचं नाही. दोघांनीही चालून दाखवायचं. आधी विक्रम, मग रुपा. मी बघतो आणि ठरवतो."

"तुम्ही कसे बघणार?" जनाबाई म्हणाल्या. "तुमचे डोळे मिटलेले."

"एक किलकिला ठेवतो."

चौघा कार्यकर्त्यांनी शिडीला हात लावला. उचलायची नाही, नुसतं वाकायचं, असं पुष्करनं बजावलं. विक्रमनं शिंकाळं हातात घेतलं, छाती काढली आणि चालू लागला. दहा पावलं गेल्यावर सवयीनं त्याचा मोकळा हात वर गेला आणि त्यानं लिफ्टकडे बघून हलवला.

"अरे, हात काय दाखवतोस?" प्रेत ओरडलं. "मी गेलोय, तुझी रॅली नाही!"

शंतनु खांबाला धरून हसत सुटला. एक कार्यकर्ता इतका हसला की शिडी कलली आणि आबासाहेबांचं पागोटं डोळ्यांवर आलं.

मग रुपाली. तिनं शिंकाळं धरलं, पदर खोचला आणि मडक्यात बघत हळूहळू निघाली.

"ताई, जरा वर बघा," कॅमेऱ्यामागून पुष्कर म्हणाला.

"वर बघितलं तर विस्तव सांडेल."

"चेहरा येत नाहीये."

"नाही आला तर राहू दे. विस्तव महत्त्वाचा."

आबासाहेबांनी किलकिल्या डोळ्यानं हे पाहिलं. त्यांची मिशी हलली. रुपालीनं ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपलं आणि पुढचं पाऊल आणखी जपून टाकलं.

नेमकं तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरच्या दत्तोपंतांनी बाल्कनीतून खाली पाहिलं. दत्तोपंत रिटायर्ड मास्तर, त्यांचा चष्मा आतल्या खोलीत. त्यांना बांबू दिसले, पांढरे कपडे दिसले, मडकं आणि धूर दिसला. पुढच्या मिनिटाला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: 'आपले जयसिंगराव धायगुडे गेले. ॐ शांती.' आणि त्याच्या पुढच्या मिनिटाला देवासाठी आणलेला झेंडूचा हार घेऊन ते धापा टाकत गेटच्या बाजूच्या जिन्यानं उतरले.

उतरले ते सरळ शिडीशी. पायांवर डोकं ठेवून रडायला लागले.

"जयसिंगराव, अहो असं कसं हो! शेवटचं भेटणंसुद्धा झालं नाही!"

"परवा तर भेटलो," पागोट्याखालून आवाज आला. "आणि माझी रविवारची पुरवणी तुमच्याकडेच आहे, दत्तोपंत."

दत्तोपंत मटकन खाली बसले. पाणी आणा, पंखा आणा, अशी एकच धावपळ उडाली. भानावर आल्यावर ते आधी चिडले, मग हसायला लागले आणि हसता हसता पुन्हा रडले. आबासाहेब शिडीवर उठून बसले आणि त्यांनी तो झेंडूचा हार स्वतःच गळ्यात घालून घेतला.

"काळजी करू नका. मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. तुम्ही माझी पाच वर्षं वाढवलीत."

लिफ्ट सारखी वर-खाली होऊ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या गुप्ताजींच्या मिसेस पांढरी साडी नेसून आल्या आणि मयताला पोहे खाताना बघून लिफ्टच्या दारातच थिजल्या. जनाबाईंनी त्यांनाही बशी दिली. वर शेव घाला, जीरावन मसाला घाला, असा आग्रह केला.

"आंटीजी, मतलब, हे काय प्रोग्राम आहे?"

"आमच्याकडे असंच असतं हो," जनाबाई म्हणाल्या. "तुम्ही जलेबी घ्या."

आणि मग शंतनु गेटकडून पळत आला. पांढरा फटक पडला होता.

"पापा! रामभाऊनं बॅनर लावला!"

"कौनसा बॅनर?"

"तो... डिकीतला."

विक्रमच्या घशात जलेबी अडकली. 'बातमी कळली की पाच मिनिटांत गेटवर लागला पाहिजे,' असं रामभाऊला सांगून ठेवून त्याला तीन महिने झाले होते आणि तो विसरूनही गेला होता. रामभाऊ विसरला नव्हता. त्यानं दत्तोपंतांना हार घेऊन रडत उतरताना पाहिलं, डोळे पुसले, डिकी उघडली आणि हुकूम बजावला.

सगळी मंडळी गेटपाशी गेली. पुढे आबासाहेब, गळ्यात हार.

फ्लेक्स चांगला दहा फुटी होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं भगव्या अक्षरांत. खाली हात जोडून हसणारा विक्रम, पुरुषभर उंचीचा. त्याच्या खांद्यापाशी गोलात, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे, आबासाहेब. तारखेची जागा मोकळी. सर्वांत खाली 'शोकाकुल: विक्रम भिया एवं समस्त धायगुडे परिवार'.

रामभाऊनं आबासाहेबांना पाहिलं आणि त्याच्या हातातला सुतळीचा गुंडा खाली पडला.

"काकासाहेब," विक्रम कसाबसा म्हणाला, "हे सगळे ठेवतात हो तयार. मतलब, फाइल रेडी असते. शंतनुनं डिझाइन केलं—"

"पापा, तुम्हीच बोलला होता!"

आबासाहेब फ्लेक्सकडे बघत राहिले. मग मान मागे टाकून मोठमोठ्यानं हसले. हसत हसत भिंतीला टेकले.

"अरे, हे तर तेच आहे! थोरल्यानं दालनात टांगलं ते आणि तू गेटवर टांगलंस ते! मयत केवढं, तर एवढंसं! मडकं धरणारा केवढा, तर हा एवढा! आणि त्या बिचाऱ्यानं सरकार जाईपर्यंत तरी वाट पाहिली होती. तू त्याच्याही पुढे गेलास बेट्या." त्यांनी डोळे पुसले. "तुला येतं हे. तुला अंगातच आहे."

विक्रमला ह्याला लाजावं की फुलावं ते कळेना.

"ठरलं माझं," आबासाहेब म्हणाले. "मडकं विक्रम धरेल. मला वाटायचं ते गेलं सगळं, छत्रीबागेबरोबर गेलं. नाही गेलेलं. घराण्यात कोणीतरी दिसणारा पाहिजे. रुपा, तू समजूतदार आहेस."

रुपालीच्या हातात शिंकाळं होतं. तिनं ते जपून जमिनीवर ठेवलं, विस्तव सांडू न देता.

"समजूतदार तर आहेच," ती म्हणाली. "पोहे अजून आणते." आणि लिफ्टकडे न जाता जिन्यानं निघाली, कारण लिफ्टला आरसा होता.

जनाबाईंनी तिची पाठ पाहिली. मुलगी लहानपणीही अशीच रडायची, काहीतरी काम काढून. मग त्यांनी फ्लेक्सकडे पुन्हा एकदा पाहिलं. समस्त धायगुडे परिवार. जुन्या चित्रात एक्केचाळीस माणसं होती, दोन घोडे होते, एक कुत्राही होता. सुभानरावांची बायको नव्हती. नवी सून म्हणून आल्या तेव्हा देवघरातल्या त्या चित्रात त्यांनी तिला शोधलं होतं, खिडकीआड तरी असेल म्हणून. कोणाला विचारलं नव्हतं. त्या गुडघ्यांवर हात देऊन उठल्या आणि शिडीजवळ गेल्या.

"पुष्कर, गादी नीट कर बाळा. रुपा, थांब तिथंच. अहो, इकडे या."

"काय झालं?"

"मी झोपते आता."

"इथे?"

"मग कुठे? साठ वर्षं तुमच्याआधी जाऊ दे म्हणून देवाला सांगतेय मी. वडाला सूत गुंडाळलं, उपास केले, कुंकवाचा करंडा कधी रिता होऊ दिला नाही. आणि तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर आडवे पडून मला विधवा करून मोकळे! मला कोणी विचारलं? मडकं कोण धरणार ह्यावर पंधरा दिवस घरात आंबे येताहेत. मी कुठे उभी राहणार हे एकानं तरी विचारलं?"

गुप्ताजींच्या मिसेसनी टाळी वाजवली आणि लगेच हात मागे घेतला.

"आईसाहेब, अहो काय हे," रुपाली पायरीवरून परत आली. पण जनाबाई तोवर शिडीवर बसल्या होत्या, पाय वर घेत होत्या, पदर सारखा करत होत्या. त्या आडव्या झाल्या. कपाळावरचं कुंकू मोठं, ठसठशीत.

"दत्तोपंत, तुम्ही शिकलेले आहात. बायको आधी गेली तर मडकं कोणाच्या हातात?"

दत्तोपंतांनी हातातली बशी ठेवली. "मुलगा नसेल तर... नवऱ्याच्या."

"ऐकलंत? विक्रमच्या नाही. कोणाच्याच नाही. तुमच्या. घ्या. काढा म्हणावं चित्र." आणि त्यांनी डोळे मिटले.

आबासाहेब हसतच पुढे झाले. त्यांना हीसुद्धा गंमतच वाटली. त्यांनी शिंकाळं उचललं, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "वा सरकार! चला, काढा यात्रा."

कार्यकर्ते वाकले. पुष्करनं कॅमेरा डोळ्याला लावला. आबासाहेबांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं.

तिसऱ्या पावलाला त्यांनी वळून पाहिलं. मघाशी आपण आडवे होतो तेव्हा वर फक्त पार्किंगचं छत दिसत होतं, पाइप आणि कोळ्याची जाळी. मजेत होतो. इथून जनाबाई दिसत होत्या. मिटलेले डोळे, नाकात नथ, पायातली जोडवी एकमेकांना लागलेली. त्या झोपतात तेव्हा तोंड थोडं उघडं असतं, हे त्यांना रोज दिसायचं. आत्ता तोंड मिटलेलं होतं. धूर डोळ्यांत गेला. मडकं भलतंच जड झालं आणि विस्तव एका बाजूला घसरला.

आपलं मरण त्यांनी चार महिने रंगवलं होतं, पागोट्याच्या रंगासकट. हे त्यांनी एकदाही मनात आणलं नव्हतं. त्यांना भीती वाटली. सरळ, साधी, पोरासारखी भीती.

"रुपा," ते म्हणाले. कोणी पुढे झालं नाही म्हणून मोठ्यानं म्हणाले, "रुपा! अगं धर ना! मला नाही धरवत!"

विक्रम दोन पावलांवर होता. त्याचा हात पुढे गेलाही, पण आबासाहेबांना तो दिसलाच नाही. ते जिन्याकडे बघत होते. रुपाली धावत आली, एका हातानं तिनं शिंकाळं घेतलं आणि दुसऱ्या हातानं वडलांचं कोपर धरलं. दोघंही रडत होते. पुष्करनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पाच-सहा वेळा दाबलं.

"हेच," आबासाहेब नाक ओढत म्हणाले. "पुष्कर, हेच काढ. असंच. माझं रडणंसुद्धा काढ, चेहरा बदलू नकोस. आणि माझ्या वेळेलाही तीच. सगळ्यांनी ऐकलं? विक्रम, तू ऐकलंस?"

विक्रम मान खाली घालून उभा होता. टिकटाचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही, पण तो मागाहून आला. आधी त्याला आठवली ती आपली आई, जी गेली तेव्हा तो भोपाळला मीटिंगमध्ये होता.

"ऐकलं, काकासाहेब," तो म्हणाला. मग शंतनुकडे वळला. "तो बॅनर उतार. पहले वो उतार."

"संपलं का?" शिडीवरून आवाज आला. "माझी पाठ भरली. कोणाला मिळालं मडकं?"

"मला, आईसाहेब."

जनाबाईंनी एक डोळा उघडून खात्री केली. "मग मी काय उगाच झोपलेय? आता जरा उचलून तरी बघा. विक्रम, पुढचा खांदा तुझा. पोरा, ताकद आहे तुझ्यात, तिथे लाव."

"काकीसाहेब, पक्का?"

"उचल रे!"

विक्रमनं खांदा दिला. कार्यकर्त्यांनी दिला, शंतनुनं दिला, दत्तोपंतांनीही नुसता हात लावला. शिडी वर गेली आणि जनाबाईंनी "अगं बाई गं!" अशी आरोळी ठोकली की गेटवर चढून बॅनर उतरवणारा रामभाऊ पडता पडता वाचला. मग त्या हसायला लागल्या. त्या हसल्या की शिडी हलायची, शिडी हलली की खालचे हसायचे. स्कूटर, लिफ्ट, पाण्याची मोटर असं करत यात्रा पार्किंगभर फिरली. पुढे रुपाली, मडक्यात बघत, हसता हसता विस्तव सांभाळत.

आबासाहेब शिडीला धरून बाजूनं चालत होते. वर हात करून त्यांनी बायकोचा हात शोधला आणि तो घट्ट धरला.

"जना, उतर गं आता," ते म्हणाले. साठ वर्षांत त्यांनी चार माणसांसमोर तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. "मला हे बघवत नाही."

जनाबाईंनी त्यांचा हात दाबला. वरून इमारतीच्या सगळ्या बाल्कन्यांमधून लोक वाकून बघत होते.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "अजून एक फेरी."